विकलेल्या यंत्राचा मालक कोण?

अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून हिवाळ्याच्या तोंडाशी एक प्रसंग पुन:पुन्हा घडत असतो. कर्ज काढून घेतलेले चार चाकांचे वाहन ट्रेलरवर चढवून शेतकरी ते विक्रेत्याच्या कार्यशाळेत आणतो. चालता चालता इंजिन बंद पडते, एवढीच त्याची तक्रार असते. वाहन तेथे तीन-चार आठवडे पडून राहते आणि परत मिळते तेव्हा सोबतच्या कागदावर शेरा असतो : ‘सांगितलेला दोष आढळून आला नाही.’ घरी नेल्यावर चौथ्या दिवशी ते पुन्हा बंद पडते. पुन्हा ट्रेलर, पुन्हा रांग, पुन्हा तोच शेरा. दरम्यान बर्फ पडू लागतो. ज्या फाळाने दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ लोटायचा तो फाळ कोठाराच्या भिंतीला टेकून उभा राहतो. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला वसूल होत असतो.

या वाहनाला तिकडे ‘ऑल टेरेन व्हेइकल’, संक्षेपाने एटीव्ही, म्हणतात. रुंद, कमी दाबाचे टायर, मोटारसायकलीसारखे हँडल आणि खोगिरावर बसावे तशी बैठक. त्याची मोठी भावंडे आता मोटारीसारखे सुकाणूचक्र आणि शेजारी शेजारी दोन आसने घेऊन येतात. पुष्कळांच्या लेखी हे श्रीमंतांचे खेळणे, आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु कुंपणाची तार ओढणे, जनावरांमागे हिंडणे, लाकूडफाटा आणणे, बर्फ लोटणे ही कामेही त्याच्यावरच होतात. शिवाय खेळण्यासाठी घेतलेल्या वस्तूत दोष निघाला तर तो दोष नव्हे, असे कोणत्याही न्यायशास्त्रात सांगितलेले नाही.

समाजवादी चळवळीने असल्या गाऱ्हाण्यांकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वेतन, जमीन, भाव हे आपले प्रश्न. बिघडलेल्या वस्तूची तक्रार हा मध्यमवर्गाचा प्रश्न, अशी मनातल्या मनात विभागणी झालेली असते. ही विभागणी तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कारण या बिघडलेल्या वाहनाच्या गोष्टीत मालकीचा प्रश्न आहे, श्रमाच्या मोबदल्याचा प्रश्न आहे, आणि राज्यसंस्था कोणाच्या बाजूने उभी राहते हाही प्रश्न आहे.

प्रथम इतिहास पाहू. १९७० साली होंडा कंपनीने अमेरिकेच्या बाजारात तीन चाकांची अशी गाडी आणली. पुढे एक चाक, मागे दोन. वळणावर ती उलटण्याचा संभव रचनेतच होता; तरीही दशकभरात तिचा खप प्रचंड वाढला, आणि तिच्यावर बसून मरणाऱ्यांत व जायबंदी होणाऱ्यांत मुलांचा भरणा मोठा होता. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला होता. १९८६ च्या अखेरीस या आयोगाने कंपन्यांवर कारवाईची शिफारस केली आणि तीत विकल्या गेलेल्या तीनचाकी गाड्यांचे पैसे ग्राहकांना परत करण्याची मागणीही होती. प्रत्यक्षात सरकारचा दावा न्यायालयात गेला तो डिसेंबर १९८७ मध्ये, आणि तोही तडजोडीसकट. १९८८ च्या अंतिम हुकूमनाम्यानुसार पाच कंपन्यांनी नव्या तीनचाकी गाड्या विकणे थांबवले; प्रशिक्षण, इशारे आणि वयाची बंधने मान्य केली. पैसे परत करण्याचे कलम तेवढे गळाले. ज्याने आधीच गाडी घेतली होती त्याच्या दारात ती तशीच उभी राहिली. ग्राहक संघटनांनी आक्षेप घेतला, पण तो टिकला नाही. हुकूमनाम्याची मुदत दहा वर्षांची होती. ती १९९८ मध्ये संपली. नव्या तीनचाकी गाड्यांवर कायद्यानेच बंदी आली ती २००८ मध्ये.

त्यानंतरचे एक प्रकरण अधिक बोलके आहे. पोलारिस ही या व्यवसायातील एक अग्रणी कंपनी. एप्रिल २०१६ मध्ये तिने आपली सुमारे एक लाख तेहतीस हजार वाहने दुरुस्तीसाठी परत बोलावली. इंजिन तापून आग लागल्याच्या एकशे साठांहून अधिक तक्रारी तोवर आल्या होत्या; एकोणीस जणांना इजा झाली होती, आणि वाहन उलटून लागलेल्या आगीत पंधरा वर्षांच्या एका सहप्रवाशाचा मृत्यू झाला होता. विक्रेत्यांच्या कार्यशाळांतून दुरुस्ती झाली. डिसेंबर २०१७ मध्ये आयोगाला जाहीर करावे लागले की, दुरुस्त केलेल्या वाहनांनाही आगी लागतच आहेत आणि काही वाहने पूर्ण जळून गेली आहेत. एप्रिल २०१८ मध्ये, दोषांची माहिती आयोगाला वेळेवर दिली नाही या आरोपावरून, कंपनीने दोन कोटी बहात्तर लाख पन्नास हजार डॉलरांचा दंड भरण्याचे मान्य केले. आरोप मात्र मान्य केला नाही. दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची गाडी महिनाभर कार्यशाळेत पडून होती त्याला त्यातला छदामही मिळत नाही.

अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके या परिस्थितीवर एक सोपा उपाय सांगतात. वाईट माल विकणाऱ्याकडे ग्राहक पुन्हा जाणार नाही आणि स्पर्धेत तो विक्रेता नाहीसा होईल. हे व्हायला हवे ते का होत नाही, याचे विवेचन योगायोगाने एकाच वर्षी, १९७० साली, दोन विचारवंतांनी केले. जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, वस्तूचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. अल्बर्ट हर्शमन यांनी असमाधानी माणसापुढचे मार्ग सांगितले : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. आता आपला शेतकरी पाहा. निघून जायचे तर कुठे? त्याच्या टापूत त्या कंपनीचा अधिकृत विक्रेता एकच. वाहन विकून मोकळे व्हायचे म्हटले तर खरे सांगून किंमत येत नाही, आणि खोटे सांगून विकले तर स्वत:ची फसवणूक दुसऱ्याच्या गळ्यात बांधल्यासारखे होते. बाजाराने त्याला दिलेले स्वातंत्र्य ते एवढेच, की तो फसवला गेलेला राहू शकतो किंवा फसवणारा होऊ शकतो.

मग विक्रेता दोषी काय? ग्राहकाचा सगळा संताप त्याच्या टेबलावरच आदळतो. परंतु विक्रेत्याचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. त्याच्या दालनात ओळीने उभी असलेली चकचकीत वाहने सामान्यत: त्याची नसतात, वित्तसंस्थेच्या कर्जावर ती तेथे उभी असतात आणि न विकलेल्या प्रत्येक वाहनावर व्याज चढत असते. म्हणून विक्री हा त्याच्या जिवाचा प्रश्न होतो आणि दुरुस्ती ही कटकट. हमीच्या मुदतीतील दुरुस्तीचे पैसे ग्राहक देत नाही, कंपनी देते, आणि ती स्वत: ठरवलेल्या दराने देते. कोणत्या कामाला किती तास लागावेत याचे कोष्टक कंपनीचेच. रोख पैसे मोजणाऱ्या ग्राहकाकडून विक्रेता जो दर घेतो त्यापेक्षा हे दर बहुधा कमी पडतात. कागदपत्रांत त्रुटी निघाली तर तेही नाकारले जातात. साहजिकच हमीतील वाहन रांगेत मागे सरकते आणि रोखीचे वाहन पुढे जाते. यात कोणाच्या दुष्टपणाचा भाग नाही. व्यवस्थाच अशी बांधली आहे की प्रामाणिकपणा तोट्यात जावा.

आणि सर्वांत खाली उभा आहे मेकॅनिक. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी खरे लक्ष द्यायचे ते येथे. अमेरिकेतील पुष्कळशा कार्यशाळांतून त्याला प्रत्यक्ष घालवलेल्या तासांचे वेतन मिळत नाही. कोष्टकात त्या कामाला जितके तास लिहिले असतील तितक्यांचेच मिळते. ही उक्त्या कामाची जुनीच पद्धत आहे, फक्त तिला आधुनिक कार्यशाळेचा पोशाख चढवला आहे. मधूनच उद्भवणारा दोष शोधणे हे यंत्रविद्येतील सर्वांत कठीण काम. वायरिंगमधला एखादा सांधा तापल्यावर सुटतो आणि थंड झाल्यावर जुळतो. तो सापडायला अर्धा दिवस लागू शकतो. कोष्टक त्यासाठी अर्धा तास देत असेल, तर उरलेल्या वेळाचा भुर्दंड मेकॅनिकने स्वत:च्या पोटाला चिमटा घेऊन सोसायचा. अशा वेळी ‘सांगितलेला दोष आढळून आला नाही’ हा शेरा आळसाचा किंवा अप्रामाणिकपणाचा नसतो. तो वेतनपद्धतीने लिहून घेतलेला असतो. शेतकरी मेकॅनिकला शिव्या देतो, मेकॅनिक ‘गिऱ्हाईक नीट चालवत नाही’ म्हणून उलट बोलतो. दोन कष्टकरी माणसे एकमेकांवर ओरडत असताना ज्याने कोष्टक छापले तो त्या खोलीत हजरही नसतो.

पूर्वी या कोंडीतून एक वाट होती. गावातला हुशार कारागीर किंवा स्वत: शेतकरीच पाना घेऊन बसत असे. ती वाट आता बुजवली जात आहे. इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची हे आजकाल वाहनातला छोटा संगणक ठरवतो. दोषाचा सांकेतिक क्रमांक त्याच्या स्मृतीत नोंदला जातो आणि तो संपूर्ण वाचण्याचे साधन पुष्कळदा अधिकृत विक्रेत्याकडेच असते. ट्रॅक्टरांच्या बाबतीत हा वाद अमेरिकेत विकोपाला गेला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघराज्यीय व्यापार आयोगाने इलिनॉय आणि मिनेसोटा या राज्यांसह डीअर कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. संपूर्ण दुरुस्तीसाठी लागणारी संगणकप्रणाली केवळ आपल्या विक्रेत्यांनाच देऊन कंपनीने दुरुस्तीच्या धंद्यात मक्तेदारी निर्माण केली, असा त्यातील आरोप आहे. याच आयोगाने मे २०२१ मध्ये अमेरिकी काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात म्हटले होते की, दुरुस्तीवर निर्बंध घालण्यासाठी उत्पादक जी कारणे देतात त्यांना आधार देणारा पुरावा अत्यल्प आहे. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातील सरकारी आयोगाचे हे मत आहे. कोणा समाजवाद्याचे नव्हे.

कायदे तेथे नाहीत असे नाही. १९७५ च्या हमीविषयक कायद्यानुसार, आमचेच सुटे भाग वापरा आणि आमच्याकडेच दुरुस्ती करा, नाहीतर हमी रद्द, अशी अट सामान्यत: घालता येत नाही. तरीही २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसनसारख्या नामांकित मोटारसायकल कंपनीवर नेमक्या अशाच अटींबद्दल आयोगाला कारवाई करावी लागली. म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनंतरही कायदा हमीपत्राच्या बारीक अक्षरांपर्यंत पोचलेला नव्हता. वारंवार बिघडणारी नवी मोटार बदलून द्यावी किंवा तिचे पैसे परत करावेत, असा कायदा १९८२ मध्ये कनेक्टिकट राज्याने केला आणि इतर राज्यांनी तो उचलला. पण रस्त्याबाहेर चालणारी वाहने अनेक राज्यांत त्याच्या कक्षेबाहेरच ठेवलेली आहेत. मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा व्यापक कायदा केला. त्याच्या अपवादांच्या लांबलचक यादीत शेतीचे ट्रॅक्टरही आहेत आणि एटीव्हीही आहेत. पोलारिस कंपनीचे मुख्य कार्यालय याच राज्यात आहे. उलट कोलोरॅडोने त्याच वर्षी शेतीच्या यंत्रांसाठीच असा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. शेतकऱ्यांचा रेटा जेथे होता तेथे कायदा झाला, आणि कंपन्यांचा होता तेथे अपवाद.

येथे एक अडचणीचा प्रश्न टाळून चालणार नाही. उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची केली की हे सारे आपोआप सुटते काय? सोव्हिएत संघात ट्रॅक्टर व त्यांची दुरुस्ती दीर्घकाळ सरकारी यंत्र-ट्रॅक्टर केंद्रांच्या हाती होती. १९५८ मध्ये ही केंद्रे मोडून यंत्रे सामुदायिक शेतांना विकण्यात आली, आणि सुट्या भागांची टंचाई त्या व्यवस्थेच्या अखेरीपर्यंत हटली नाही. नियोजनाचे लक्ष्य किती ट्रॅक्टर बाहेर पडले यावर मोजले जात होते. किती चालू आहेत यावर नव्हे. आपल्याकडेही परवाना-पद्धतीच्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून बसावे लागे, आणि जी मिळे ती देवाचा प्रसाद म्हणून मुकाट्याने घरी आणली जाई. सदोष निघाली म्हणून परत करण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येत नसे. मक्तेदारी खाजगी असो वा सरकारी, ग्राहकाला आवाज नसेल तर परिणाम सारखाच होतो, हे प्रामाणिकपणे कबूल केलेले बरे. ज्या चळवळीने १९७२ नंतर महागाईविरुद्ध बायकांच्या हाती लाटणी देऊन त्यांना मुंबईच्या रस्त्यावर आणले, तिला हा आवाज परका नाही. फरक इतकाच की तेव्हा प्रश्न भावाचा होता. वस्तू घरी आल्यानंतर काय, हा प्रश्न तेव्हा मागे राहिला.

तो प्रश्न महाराष्ट्रात एटीव्हीचा म्हणून थोडाच आहे. नागाव-काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारून पोट भरणाऱ्या तरुणांपुरता तो आहे. खरा प्रश्न ट्रॅक्टरचा. तालुक्याच्या गावी एक एजन्सी, बँकेचे कर्ज, मृगाच्या तोंडावर बिघडलेला पंप, आणि ‘पार्ट पुण्याहून यायचाय’ हे उत्तर. पेरणी आठ दिवस थांबत नाही. भाड्याचा ट्रॅक्टर आणावा लागतो, आणि आपला ट्रॅक्टर एजन्सीच्या आवारात उभा असताना त्याच्या हप्त्यावर व्याज चालू असते.

ग्राहक संरक्षणाचा कायदा आपल्याकडे १९८६ मध्ये आला. २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा अमलात आहे. त्यात सदोष उत्पादनाने झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांवर टाकता येते. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र ‘व्यापारी हेतूने’ वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, ही मेख कायद्यात कायम आहे. स्वत:च्या श्रमाने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू १९९३ च्या दुरुस्तीने तीतून वगळली. पण १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असाही दाखला दिला की, यंत्र केवळ दुसऱ्यानेच चालवायचे असेल तर ते घेणारा ग्राहक ठरणार नाही. एखाद्या विधवेने कर्जावर ट्रॅक्टर घेतला, चालक ठेवला आणि चार घरची नांगरट केली, की कंपनीच्या वकिलाला हा दाखला हाताशी सापडतो. तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागत असेल तर पाच महिन्यांत निकालात काढावी, असे कायदा म्हणतो. जिल्हा आयोगांपुढे वर्षे जातात. आणि दोष मुळात कारखान्यातलाच होता हे सिद्ध करण्याचा भार सामान्यत: तक्रारदारावर पडतो, त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि त्याचा खर्च त्याच्याच बोडक्यावर.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने प्रथम घेतली. त्याच वर्षाच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, संगणकावर माहिती देणारे एक दालन उघडले. त्यावर कंपन्यांनी माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि सक्ती यांतले अंतर ज्याचा ट्रॅक्टर एजन्सीच्या आवारात उभा आहे त्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

मागण्या करायच्या त्या नेमक्या केल्या पाहिजेत. पेरणीच्या आणि काढणीच्या हंगामात हमीतील ट्रॅक्टर ठरावीक दिवसांत दुरुस्त झाला नाही तर विक्रेत्याने पर्यायी ट्रॅक्टर पुरवावा, आणि त्याचा खर्च कंपनीने सोसावा. वाहन कार्यशाळेत अडकले असेल तेवढ्या दिवसांनी हमीची मुदत आपोआप वाढावी. हमीतील कामाचे दर रोखीच्या कामाच्या दरापेक्षा कमी असू नयेत, आणि दोष शोधण्यात गेलेल्या वेळेचे पैसे मेकॅनिकला वेगळे मिळावेत. ही मागणी शेतकऱ्यांच्या सभेत मांडताना कार्यशाळेतील कामगार सोबत हवेत. दोषाचे सांकेतिक क्रमांक वाचण्याचे साधन व मूळ सुटे भाग गावच्या कारागिरालाही वाजवी किमतीत मिळावेत.

यातले कोणतेही काम कायदा बदलण्याची वाट पाहत थांबलेले नाही. तालुक्याच्या कचेरीत एक वही ठेवता येईल. ट्रॅक्टर एजन्सीत कोणत्या तारखेला दिला, जॉबकार्डावर तक्रार काय लिहिली, शेरा काय आला, परत केव्हा मिळाला, पुन्हा केव्हा नेला. पुष्कळ ठिकाणी जॉबकार्डाची प्रत गिऱ्हाइकाला दिलीच जात नाही. दिली तरी तक्रार त्याच्या शब्दांत नसून एजन्सीच्या शब्दांत लिहिलेली असते. प्रत मागून घेणे आणि तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावणे, ही सुरुवात. एकाच जातीच्या ट्रॅक्टरचा एकच पंप एकाच तालुक्यात अकरा जणांचा गेला आहे, हे वहीत दिसले की एकेकाला ‘तुम्ही नीट चालवत नाही’ म्हणून परत पाठवणे कठीण होईल. २०१९ च्या कायद्यात सारख्याच तक्रारीच्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊन तक्रार करता येते. अकरा अर्जांऐवजी एक अर्ज, आणि त्याला जोडलेली अकरा जॉबकार्डे.